भाषण ऐकलं की दोन दिवस चार्ज!

प्रश्न : ताई, सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतो, विश्वास नांगरे पाटील सरांचं भाषण ऐकलं की दोन दिवस चार्ज, मग परत चहाच्या टपरीवरच. काय करू?

उत्तर : अरे, भाषणाचं पेट्रोल तेवढंच पुरतं रे! सर सांगली जिल्ह्यातल्या कोकरूडचे, आयपीएसची १९९७ची बॅच, पुणे ग्रामीणचे एसपी असताना २००७ला सिंहगडाजवळच्या रेव्ह पार्टीवर धाड घातली, पुढच्याच वर्षी २६/११ला डीसीपी म्हणून ताजमध्ये शिरले, आणि तरी पोरांसाठी व्याख्यानांना वेळ काढतात, हे मला जास्त भारी वाटतं. पण यूपीएससीला ओपनमधून अटेम्प्ट सहाच, वय ३२, तेव्हा क्लिप बंद कर आणि एमपीएससीतून पीएसआयचाही फॉर्म भरून ठेव. टपरी? दिवसातून एकदाच, तीही कटिंग.