१२ लाखांची सूट, पण आम्हाला काय?

प्रश्न: २०२५-२६ चं केंद्राचं बजेट आलं तवापासनं टीव्हीवर एकच, १२ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही. आमच्या शिरोळात ऊस लावणाऱ्याच्या घरात टॅक्स भरतंय कोण? मग एवढा पैसा जातोय कुठं?
– एक ऊस उत्पादक

उत्तर: दादा, प्रश्न बरोबर हाय. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटींचा, आणि त्यातले १२.७६ लाख कोटी नुसतं जुन्या कर्जाचं व्याज, म्हणजे रुपयातला चाराणे भाग तिथंच गेला. आता बघा, या टॅक्स सवलतीत सरकारनं साधारण १ लाख कोटी सोडले आणि रोजगार हमीला दिले ८६ हजार कोटी, आदल्या वर्षीच्या बजेटएवढेच, मजुरी वाढू दे न्हाईतर महागाई. पगारदारांना सूट मिळाली, मिळू दे की, पण मजुराच्या वाट्याला तेवढाच आकडा का? आणि शेती उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसला तरी तुम्ही टॅक्स भरताच, मोबाईल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी जातोय.

साखरेचं वेगळंच. हे खरं तर बजेटमध्ये येत नाही, पण कोल्हापुरात बोलल्याशिवाय जमत नाही. साखरेचा किमान विक्री दर केंद्रानं फेब्रुवारी २०१९ ला ३१ रुपये किलो केला, त्यानंतर एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, २०२४-२५ ला क्विंटलला ३४० रुपयांवर गेली तरी तो दर तिथंच होता. मग कारखाना बिलं थकवतो आणि बोलणी चेअरमन खातोय, दिल्लीला कोण विचारत न्हाई.