‘टोळी’च्या आधीचा शब्द

रात्रपाळी : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात मथळ्यात आरोपींची जात उगाच छापू नये, अशा मी सहज चार ओळी लिहिल्या. एरवी माझ्याकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या तक्रारी येतात, या वेळी टपाल वेगळंच निघालं. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. सोलापूर जिल्ह्यात एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या दुरुस्त करून पान लावतात तिथे, मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस रात्रपाळीत. तेव्हा उत्तरं प्राध्यापकी नसतील.

प्रश्न : सर, मी पारधी वस्तीवर राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या भागात घरफोड्या झाल्या आणि पेपरात ‘पारधी टोळी जेरबंद’ असं आलं. त्यातल्या कुणाशी आमचं नातं नाही, ओळख नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात शेजारच्या मुलाने माझ्यादेखत बॅगेची चेन लावून घेतली. याची तक्रार कुठे करता येते का?
– विद्यार्थी, मोहोळ तालुका

उत्तर : येते. कशी ते सांगतो, पण आधी हा शब्द पानावर येतो कसा ते ऐक. मी स्वतः तो आणलेला आहे.

रात्री दहा-साडेदहाला स्थानिक गुन्हे शाखेची, आमच्या भाषेत एलसीबीची, प्रेसनोट येते. भाषा वर्षानुवर्षं तीच, ‘गोपनीय बातमीदारामार्फत मिळालेल्या खबरीवरून सापळा रचून’ वगैरे. पहिल्या दोन ओळींतच आरोपींची जात. क्राइमचा बातमीदार ती नोट जवळपास जशीच्या तशी टाइप करून डेस्कवर सोडतो. उपसंपादक वेलांट्या सुधारतो आणि मथळा द्यायला बसतो. सिंगल कॉलमात ओळीला जेमतेम सात-आठ अक्षरं मावतात. ‘घरफोडीप्रकरणी पाच जणांना अटक’ तीन ओळींत जातं आणि तरी शेवटची ओळ लोंबते. ‘पारधी टोळी जेरबंद’ दोन ओळींत झकास बसतं. तिकडे पान जुळवणारा पेजिनेटर ओरडत असतो, बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची गाडी खाली उभी असते. त्या घटकेला कुणाच्या मनात द्वेष असतोच असं नाही. अक्षरं मावली म्हणून एका अख्ख्या समाजाचं नाव मथळ्यात गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

नव्वदच्या दशकात मी असाच एक मथळा दिला. दोन दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ कार्यालयात आले. खाली वॉचमनने त्यांना तासभर बसवून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. बातमीचं कात्रण चार घड्या घालून दुधाच्या पिशवीत ठेवलेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. आश्रमशाळेतल्या नातवाने शब्द कुठे आहे ते दाखवून ठेवलं होतं, बरोबर तिथे त्यांनी बोट टेकवलं. म्हणाले, ‘‘साहेब, चोर धरला, बेस झालं. चोराचं नाव ल्याहा की. माझं कशाला ल्याहता?’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, यात तुमचं नाव कुठंय?’’ त्यांनी परत त्याच शब्दावर बोट ठेवलं.

त्या बातमीतल्या पाच आरोपींपैकी दोघांना पुढे पोलिसांनीच सोडून दिलं. ती बातमी आम्ही छापली. पान सात, कांद्याच्या बाजारभावाखाली, तीन ओळी.

तू सोलापूरच्या बाजूचा आहेस, म्हणजे ‘सेटलमेंट’ हा भाग तुला माहीत असणार. रिक्षावाले अजून त्याच नावाने सवाऱ्या घेतात. ती नुसती वसाहत नव्हती. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्यातल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेऱ्या घेतल्या. तो कायदा गेला ऑगस्ट १९५२ मध्ये. त्या शिक्क्यातून सुटल्या त्या विमुक्त जमाती, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण प्रेसनोटचा साचा पोलीस ठाण्यात एका हवालदाराकडून दुसऱ्याकडे जातो आणि आमच्याकडे एका उपसंपादकाकडून दुसऱ्याकडे. त्याला निरसनाची तारीख नसते.

एक गोष्ट तुझ्या बाजूची सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातवार कामांविरुद्ध निकाल दिला. कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तुरुंग-नियमांवरही बोट ठेवलं. हा खटला सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी नेला होता, स्वतःच्याच बातमीच्या आधारावर. तुरुंगातून जो रकाना काढायला सांगितला, तो आमच्या मथळ्यांत अजून आहे, याची लाज आम्हाला वाटायला हवी.

आता तक्रार. आधी संपादकांना लेखी पत्र, कात्रण आणि तारखेसकट. पत्रात एकच मुद्दा ठेव : गुन्हा या लोकांनी केला असेल, त्याच्याशी जातीचा संबंध काय? राग, इतिहास, कविता काही घालू नकोस. लांब पत्र डेस्कवर कुणी वाचत नाही, हे मी खात्रीने सांगतो. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, सूचना भवन, लोधी रोड, नवी दिल्ली. दैनिकाच्या बाबतीत बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. जातीचा उल्लेख त्या जातीला कमीपणा आणत असेल तर तो टाळावा, असं कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे, तेवढं वाक्य पत्रात घाल. कौन्सिल दंड करू शकत नाही. ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते, बस्स. पण दिल्लीहून पत्र आलं की ते मालकांच्या टेबलावर जातं आणि मालकांच्या टेबलावरून खाली येताना ते बरंच जड झालेलं असतं. एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांनाही पाठव. साचा तिथलाच आहे.

प्रश्न : ‘दोन गटांत दगडफेक’ असं छापून येतं. कोणते दोन गट, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाचक मूर्ख आहे का? तुमच्या म्हणण्याप्रमाणे तर सगळंच झाकायचं!
– निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी

उत्तर : गुरुजी, झाकायचं असं मी म्हटलेलं नाही. गावातल्या पोराला ठाऊक असतं हे खरं, पण पेपर शेजारच्या बारा गावांतही जातो. तिथे अजून दगड उचललेला नसतो. दंगलीच्या रात्री ‘दोन गट’ लिहिणं म्हणजे त्या बारा गावांना सकाळपर्यंत वेळ देणं. मी ते अनेकदा लिहिलंय आणि परत लिहीन.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ‘दोन गट’च लिहीत राहिलो, तर मात्र तुमचा राग रास्त आहे. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरुवातीच्या बातम्या काय होत्या? अनैतिक संबंधांवरून गावकऱ्यांचा संताप. दलित कुटुंब, जमिनीचा वाद, आधीची मारहाण आणि पोलिसांत दिलेली साक्ष, हे सगळं राज्याला नीट कळायला महिनाभर गेला, आणि तेही लोक रस्त्यावर उतरल्यावर. पुढे न्यायालयात ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, हे मला माहीत आहे. पण वाचकासमोर ती माहिती ठेवायला न्यायालयाची वाट बघायची नव्हती. तिथे जात न लिहिणं हा सभ्यपणा नव्हता. बातमीच अर्धी होती.

आणि एक उलटं उदाहरण. १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. टाळेबंदीत सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले. मुलं पळवणाऱ्यांची अफवा भागात आधीपासून होती. पण चॅनेलांवर आणि फोनांवर त्याला धर्माचा रंग असा चढला, की राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून यात एकही मुसलमान नाही, असं सांगावं लागलं. म्हणजे एरवी जे लिहू नये म्हणून आम्ही भांडतो, तेच तिथे औषध म्हणून द्यावं लागलं. तुम्ही गणित शिकवत असाल तर सूत्र मागाल. माझ्याकडे नाही. मी एवढंच विचारायचो : हा शब्द काढला तर घटना का घडली हे कळतं का? कळत असेल तर काढ. कळत नसेल तर ठेव, आणि मग तो नीट पुराव्यानिशी ठेव.

प्रश्न : अत्याचाराच्या बातमीत मुलीचं नाव देत नाहीत, पण गाव, वडिलांचा धंदा आणि शाळा देतात. मग नाव न देऊन काय साधलं?
– अंगणवाडी सेविका, पंढरपूर

उत्तर : काहीही नाही. अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नावाबरोबर पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, राहण्याचा भाग, सगळंच मना आहे. छापणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो. ‘अमुक गावच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी’ असं लिहिणाऱ्याने त्या गावात गिरण्या किती असतात, ते एकदा बघून यावं.

प्रश्न : काका, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे मोठे दीर रोज काहीतरी भडकाऊ पाठवतात. ‘अमुक लोकांनी भाजीवर थुंकलं’, ‘मुलं पळवणारी बाई सापडली’. मी बोलले तर सासूबाईंना वाईट वाटतं. गप्प बसले तर मला वाटतं.
– गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, ग्रुपवर बोलू नका. तिथे भावजयीने चूक दाखवली की मुद्दा भाजीचा राहत नाही, मानाचा होतो. भावोजींना वेगळा फोन करा, दुपारी, जेवणं झाल्यावर. आणि खोटं आहे असं म्हणू नका. विचारा, ‘‘भावोजी, हे कधीचं? कुठलं?’’ दोनच प्रश्न. डेस्कवर नव्या पोराला आम्ही हेच दोन शिकवतो.

तुमच्याच शेजारच्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा त्यांना आठवत असेल. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक मूळ मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आमच्या जिल्ह्यातले. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या उन्हाळ्यात देशभर जो मुलं पळवण्याचा व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून पोर उचलतात तो, तो कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ फितीत शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

भावोजींना हे सांगताना ‘तुमच्यामुळे’ असा शब्द येऊ देऊ नका. त्यांनी तसं काही केलेलं नाही. व्हिडिओ कापणारा वेगळा होता, पुढे ढकलणारे तुमच्या-माझ्या घरातले होते. मंगळवेढ्याला अंत्यविधी झाले त्या रात्री पान मी लावलं होतं. पाचांचे पासपोर्ट साइझ फोटो एका ओळीत बसवायचे होते. एकाचा मिळेना. शेवटी कुठल्याशा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून घेतला, कपाळावर अक्षता होत्या. भावोजींना आकडा सांगू नका, हे सांगा.

प्रश्न : एकतीस वर्षं पगार घेतला तेव्हा तोंडात मिठाची गुळणी होती का? निवृत्त झाल्यावर सगळ्यांनाच नीतिमत्ता सुचते.
– एक स्पष्टवक्ता, लातूर

उत्तर : मार बसला, आणि बरोबर जागी बसला. ते बाबा येऊन गेल्यावर मी रात्रीच्या बैठकीत विषय काढला होता. मुख्य उपसंपादक म्हणाले, ‘‘आधी पान छपाईला सोड, मग समाजसुधारणा.’’ मी पान सोडलं. घराचे हप्ते चालू होते. आमच्या डेस्कवर तेव्हा अकरा माणसं होती आणि पारधी, कैकाडी, वडार यांपैकी एकही नव्हता. मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध बघणारी आहेत, असं ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. दरवर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचं नाव घेऊन आम्ही एकमेकांना शाली घालतो, तेव्हा हे वाक्य कुणी वाचत नाही.

पुढे मी एक केलं, न बोलता. क्राइमची कॉपी माझ्या हाती आली की जातीचा शब्द काढायचा आणि मथळ्यात ‘घरफोडे गजाआड’ द्यायचं. तेही दोन ओळींत बसतं, हे एवढ्या उशिरा लक्षात आलं. वरिष्ठ विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. निवृत्त होईपर्यंत ते द्यायची वेळ आली नाही. संपादकांनी विचारलं नाही, बातमीदाराने विचारलं नाही, एलसीबीचा फोन आला नाही. तो शब्द कुठे गेला म्हणून एका वाचकाचंही पत्र आलं नाही.