मित्राची जमीन, तुमचं कुंपण आणि वीस माद्या

ऑस्टिनहून एका वाचकांनी विचारलं आहे. वय ५१, नवरा-बायको दोघंही आयटीत, मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाणार, सांगलीला आई-वडील. मित्राची टेक्ससमधल्याच मेसन काउंटीत ११० एकर जमीन आहे. तिथे उंच कुंपण घालायचं, शिंगांसाठी नावाजलेला एक नर आणि वीस माद्या आणून व्हाइट-टेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांचं ब्रीडिंग करायचं, तीन वर्षांचे नर शिकारीच्या रँचना विकायचे, असा त्याचा बेत. यांचा वाटा १ लाख ८० हजार डॉलर: १ लाख ३० हजार घराच्या इक्विटीवर कर्ज काढून, ५० हजार ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, कर्जाऊ उचलून. शिवाय मित्राचं म्हणणं असं की त्याच्या जमिनीवर फिरणाऱ्या रानातल्या हरणांत एका नरामागे दहा माद्या झाल्यात, तर आपले चांगले नर सोडले की तेही गणित सुधारेल. "करू का?" एवढाच प्रश्न.

नका करू. तुम्ही जोडलेलं मित्राच्या हिशोबाचं शीट मी दोनदा पाहिलं, म्हणून कारणंही सांगतो.

त्या शीटमध्ये खाद्याचा खर्च दरवर्षी ८ हजार डॉलर धरलाय. २१ जनावरं, प्रत्येकी दिवसाला साडेतीन पाउंड, ५० पाउंडांचं पोतं १५ डॉलरला. पहिल्या वर्षापुरता हिशोब बरोबर. पण माद्या विणार हाच तर धंदा आहे! मित्रानेच धरलेल्या दराने, म्हणजे मादीमागे दीड पाडस जगलं तर, पहिल्या जूनमध्ये ३० पाडसं, दुसऱ्या जूनमध्ये आणखी ३०. पहिल्या वर्षी जन्मलेल्या १५ माद्या तिसऱ्या जूनमध्ये स्वतः वितात. त्यांना एकेकच झालं असं धरलं तरी त्या उन्हाळ्यात तुमच्या आवारात सव्वाशेच्या आसपास जनावरं असतील, आणि विक्रीजोगा पहिला नर अजून शिंगं वाढवतच असेल. पाडसं कमी खातात हे धरूनही त्यापुढच्या वर्षाचं खाद्य ४० हजारांच्या घरात जातं. हा पैसा कुठून येणार, हे शीटमध्ये कुठेच नाही.

यातली खरी मेख नर-मादीच्या प्रमाणात आहे. पाडसं साधारण निम्मे नर, निम्म्या माद्या अशी जन्मतात. कितीही महाग नर आणला तरी त्यात फरक पडत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते शिंगांचे. म्हणजे निम्मा माल दुय्यम, आणि उरलेला निम्मा तीन-तीन वर्षं सांभाळायचा. तेव्हाही या हरणाची शिंगं पूर्ण भरलेली नसतात, त्याला पाच-सहा वर्षं लागतात. आपल्याकडे गोठ्यात भाकड जनावर उभं राहिलं की काय होतं ते सांगलीच्या माणसाला मी काय सांगू.

आता रोगाबद्दल, कारण घरावर कर्ज काढू नका असं मी म्हणतो ते मुख्यतः यामुळे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रिऑनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे, हरणांना होणारा रोग. लस नाही, औषध नाही, झालेलं जनावर वाचत नाही, आणि प्रिऑन मातीत वर्षानुवर्षं टिकतात. टेक्ससमध्ये तो २०१२ मध्ये पश्चिमेकडच्या म्यूल डिअर या दुसऱ्या जातीच्या हरणांत सापडला आणि २०१५ मध्ये मेडिना काउंटीतल्या एका ब्रीडरच्या व्हाइट-टेल कळपात. केर काउंटीत राज्याच्या वन्यजीव खात्याचंच संशोधन केंद्र आहे, तिथे १९७४ पासून बंदिस्त हरणांवर अभ्यास चालायचा. २०२४ मध्ये तिथेही तो निघाला आणि कळप मारून टाकावा लागला. खात्याचे तज्ज्ञ राखण करत असताना हे झालं. तुम्ही शनिवार-रविवारी जाऊन काय राखणार? कळप गेला तरी घराचा हप्ता थांबत नाही.

४०१(के)चं कर्जही निरुपद्रवी नाही. "व्याज आपलंच आपल्याला" हे ठीक, पण नोकरी गेली तर पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत ते फेडावं लागतं. नाही जमलं तर उरलेली रक्कम उत्पन्न धरली जाते आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड बसू शकतो. आयटीतल्या नोकऱ्यांचं सध्या काय चाललंय, ते तुम्ही जास्त जाणता.

एका नरामागे दहा माद्या ही गोष्ट मला पटत नाही. निम्मे नर दरवर्षी जन्मत असताना प्रमाण इतकं बिघडणं फार अवघड. बहुधा मोजणीची चूक असेल: खाद्य टाकणाऱ्या फीडरवर दिवसाउजेडी माद्या येतात, मोठे नर अंधारात फिरतात, आणि बोटभर शिंगांचे वर्षाचे नर लांबून मादीच वाटतात. बिघडलंच असेल तर त्यावरचा उपाय स्वस्त आहे. नियमात बसतील तेवढ्या माद्या मारायच्या आणि कोवळे नर सोडून द्यायचे. कुंपणाबाहेर विकतचा नर सोडणं म्हणजे पैसे सोडणं. एकेक नर सहज सहाशे एकरांवर फिरतो, आणि एकाच नराची पाडसं थोडीच असतात. शिवाय टेक्ससमध्ये जमीन खासगी असली तरी ही रानातली हरणं राज्याच्या जनतेची, उंच कुंपणाच्या आतली असली तरीही. शेजारच्या चार जमीनमालकांना एकत्र करून माद्यांची शिकार ठरवली तर मित्राचं काम चहापाण्याच्या खर्चात होईल.

(गंमत म्हणजे त्याच भागात आपले चितळ आणि काळवीट मोकळे फिरतात. १९३० च्या दशकात आणलेले. चितळाला तिथे ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. मित्र पुढे "मग चितळ पाळू" म्हणेल. त्याला २०२१ च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळात किती चितळ थंडीने मेले ते आठवायला सांगा.)

सगळ्यात जास्त खटकलं ते शीटच्या बाहेरचं. जमीन मित्राच्या एकट्याच्या नावावर आहे. कुंपण, पाण्याची सोय, आवारं यात तुमचे पैसे जातील, किंमत त्याच्या जमिनीची वाढेल. शेती म्हणून मिळणारी मालमत्ता करातली सवलतही त्याचीच, तरी शीटमध्ये ती दोघांच्या उत्पन्नात धरलीय. पुढे जमिनीचा वापर बदलला तर मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो, तोही दोघांत वाटणार का, हे लिहिलेलं नाही. मैत्री पक्की आहे म्हणून कागद नको, असं तुम्ही लिहिलंय. कागद त्यासाठीच हवा.

तरी रानाची ओढ खरी आहे, हे तुमच्या पत्रातून कळतं. ती भागवायला कर्ज लागत नाही. मित्राला त्याच्या जमिनीवर शिकारीची एका हंगामाची लीज मागा, रोख भरा, बुडाले तरी चालतील एवढेच पैसे घाला. मुलीच्या कॉलेजची चार वर्षं संपल्यावर जमिनीची हौस टिकलीच, तर तुमच्या नावावरची चाळीस-पन्नास एकर बघू, तेव्हा मी स्वतः हिशोब करून देईन.

तिकडचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. त्या आठवड्यात जाऊन या, आणि शेकोटीपाशी बसल्यावर त्याला एवढंच विचारा की तिसऱ्या वर्षीचं खाद्य कोण भरणार.