त्यांचं बटण त्यांनाच लावू द्या

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही अडखळतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुनर्वसन केंद्रात भरती केलं, त्याला आता महिना होत आला. तिथे शर्टाचं एक बटण लावायला ह्यांना दहा-दहा मिनिटं लागतात आणि थेरपिस्ट शेजारी नुसती बसून असते. मी पुढे झाले, तर म्हणते, ‘काकू, तुम्ही जरा बाहेर थांबा.’ काल ह्यांना रडू कोसळलं. ‘घरी चल,’ एवढंच म्हणाले. दीर म्हणतात, घरी आणू, दिवसरात्र माणूस ठेवू. सासूबाईंनी तर माझ्याशी बोलणंच टाकलंय. ‘मुलाला परक्यांच्या हवाली केलं,’ म्हणतात. माझं चुकतंय का?

उत्तर: ताई, तुमचं चुकलेलं नाही. त्यांना तिथे ठेवण्यात तर मुळीच नाही. इतक्या वर्षांचा संसार केलेल्या माणसाची बोटं बटणाशी झगडताना बघून हात पुढे जाणारच. पण त्या दहा मिनिटांत काय चाललेलं असतं, ते आधी समजून घ्या.

मेंदूचा जो भाग मेला, तो पुन्हा जिवंत होत नाही. त्याचं काम आजूबाजूचे आणि कधी दुसऱ्या बाजूचे भाग थोडंथोडं शिकून घेतात. हे शिकणं होतं ते केवळ करून, तेही शेकडो वेळा. थेरपिस्ट नुसती बसलेली नसते. अंगठा बटणाची कड पकडतोय का, हात उचलताना खांदा कानाकडे ओढला जातोय का, कुठल्या क्षणी धीर सुटतोय, हे ती पाहत असते. तुम्ही बटण लावून दिलंत की सराव तिथेच थांबतो.

दुसरीही एक गोष्ट आहे. लुळा हात काही दिवस वापरलाच नाही, तर मेंदू त्याला हिशेबातून काढून टाकतो. मग त्यात थोडी ताकद आली तरी माणूस तो वापरत नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे आधी माकडांत दाखवलं आणि त्यावरून उपचार बेतला: चांगला हात मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला कामाला लावायचं. झटक्याला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर तो तपासला गेला, त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारलं आणि तो फरक वर्षभरानंतरही टिकून होता. हा उपचार सगळ्यांसाठी नाही, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यावी लागतात. तुमच्या यजमानांना तो चालेल का, हे तिथे जरूर विचारा.

आता दिरांचं म्हणणं. ते सरसकट खोडून काढू नका. आधाराने पलंगावरून खुर्चीत बसता येणाऱ्या काही रुग्णांना लवकर घरी सोडतात आणि त्यांची प्रगतीही उत्तम होते. पण तेव्हा फिजिओथेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि नर्स अशी सगळी टीमच घरी येत असते. दिवसरात्र ठेवलेला माणूस म्हणजे ती टीम नव्हे. तो मनापासून सेवा करेल, भरवेल, पुसेल, कपडे घालेल, आणि तुमचे यजमान आहेत तिथेच राहतील. केंद्रात पलंगावरून उठणं, संडासाला जाणं, दात घासणं, सगळाच सराव असतो.

त्यांच्या रडण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. झटक्यानंतर जवळजवळ तीनातल्या एकाला नैराश्य येतं आणि ते व्यायामातली उमेदच खाऊन टाकतं. कधीकधी मनात दुःख नसतानाही रडू आवरत नाही, तोही मेंदूला झालेल्या इजेचाच भाग असतो. दोन्हींवर उपचार आहेत. उद्याच डॉक्टरांच्या कानावर घाला.

‘घरी चल’ एवढंच बोलले, म्हणजे मनातही तेवढंच होतं असं समजू नका. शब्द सापडत नसले, तरी तुमचं बरंचसं त्यांना कळत असेल. हो-नाही म्हणता येईल असं विचारा: थकलात का? दुखतंय का? लाज वाटते का? एका वेळी एकच, आणि उत्तराला वेळ द्या. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तिथेही बटणाचाच न्याय.

आणि बाहेर थांबू नका. थेरपिस्टला सांगा, ‘मी मध्ये हात घालणार नाही, पण मला शिकवा.’ तुम्हाला शिकण्यासारखं खूप आहे. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा. उठवताना दुबळा हात किंवा काख धरून कधीही ओढायचं नाही, कारण सैल झालेला खांदा निखळू शकतो. गिळण्याची तपासणी झालेली नसेल, तर पाण्याचा घोटसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका. पडणं आणि ठसका, या दोन बाबतींत वाट बघायची नसते, तिथे पटकन पुढे व्हा.

सासूबाईंना एकदा व्यायामाच्या वेळी घेऊन जा. दांड्यांना धरून उभा राहणारा मुलगा त्यांना पाहू दे. तुम्ही घरी दहा वेळा समजावण्यापेक्षा ते जास्त पटेल.

रोज पाहणाऱ्याला सुधारणा दिसत नाही. म्हणून बार्थेल निर्देशांक विचारा. खाणं, अंघोळ, कपडे, चालणं अशा दहा कामांवर ० ते १०० गुण देतात. भरतीच्या दिवशी किती होते, आज किती आहेत? पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून आताचा काळ मोलाचा. त्यानंतरही ती होतच राहते, फक्त सावकाश.

सगळंच स्वतः करायला हवं, असंही नाही. अंघोळीनेच दमत असतील, तर कपड्यांना मदत घेऊन ती शक्ती चालण्यासाठी राखावी. ती कुठे खर्चायची, हे त्यांना ठरवू द्या.

घरी सोडण्याची तारीख आत्ताच विचारा. बाथरूममध्ये धरायला दांडी कुठे लावायची, पायऱ्यांचं काय करायचं, दुसरा झटका टाळण्यासाठी रक्तदाबाची औषधं कोण सांभाळणार, हे त्याआधी ठरायला हवं. आणि यजमानांना विचारा, घरी आल्यावर सगळ्यात आधी कुठलं काम स्वतःच्या हाताने करायचंय? शब्द अडले तर दोन-तीन पर्याय देऊन विचारा. जे सांगतील ते थेरपिस्टला कळवा, पुढच्या आठवड्याचा सराव त्यावर बेतता येईल.