तारीख उलटली, कळा नाहीत: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली, आता काय? त्यातलं एक पत्र मी रांग मोडून वर घेतलं आहे.

बायकोला ४० आठवडे ३ दिवस झालेत. कालपासून बाळ कमी हलतंय. आई म्हणते, शेवटी आत जागा उरत नाही म्हणून तसं होतं. पुढची तपासणी परवा आहे. तोवर थांबावं का? (एक वाचक, बार्शी)

थांबू नका, आत्ताच निघा. तुम्हाला मी हे आधीच कळवलं आहे, इथे छापते आहे ते इतरांसाठी. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा बदलते. लाथेऐवजी आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होता कामा नये. गोड खाऊन बघू, गार पाणी पिऊन बघू, यात तास घालवू नका. दवाखान्यात पोटाला दोन पट्टे बांधून वीसेक मिनिटं बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात आणि गरज पडली तर सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी बघतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी जायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. सगळं ठीक निघालं आणि फेरी फुकट गेली, तर कोणताही शहाणा डॉक्टर तुमच्यावर चिडणार नाही.

पाळीवरून माझी तारीख १४ ऑक्टोबर येते, तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर २५ ऑक्टोबर आणि नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर ६ नोव्हेंबर. पाळी ४० दिवसांनी येते. खरी तारीख कोणती? (एक वाचक, जालना)

तुमची २५ ऑक्टोबर धरायची.

पाळीवरचा हिशोब सोपा असतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवायचे. ७ जानेवारीचे झाले १४ ऑक्टोबर. (आपल्याकडचं ‘नऊ महिने नऊ दिवस’ याच्या किती जवळ जातं, बघा.) पण या हिशोबात पाळी २८ दिवसांची धरलेली असते. ४० दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज साधारण १२ दिवस उशिरा सुटतं, म्हणजे गर्भही तितक्याच उशिरा राहतो. तुमच्या पहिल्या सोनोग्राफीने नेमका हाच फरक दाखवला. तिसऱ्या महिन्यात सगळी बाळं जवळजवळ एकाच मापाने वाढतात, म्हणून तेव्हाची तारीख सगळ्यांत भरवशाची. त्या वेळी पाळीच्या तारखेशी ७ दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख घ्यायची आणि पुढे ती बदलायची नाही.

नवव्या महिन्यात मशीन जी तारीख छापतं, ती खरं तर बाळाच्या आकारावरून काढलेली असते. कुणी थोराड, कुणी नाजूक, त्यामुळे दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतात. म्हणून ‘६ नोव्हेंबर आलीय, अजून वेळ आहे’ असं म्हणून निवांत बसू नका. त्या आकड्याचा अर्थ बाळ मापाने थोडं मागे आहे, असाही असू शकतो. वाढ आणि रक्तप्रवाह ठीक आहे ना, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर लावून ठेवा. तारीख उलटल्यावर मी आधी तोच मागते, आणि नेमका तोच माहेरी राहिलेला असतो.

तरीही २५ तारखेलाच कळा येतील असं नाही. नेमकी दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरातली जेमतेम चार-पाच.

माझे दोन्ही मुलगे तारखेनंतर दहा-बारा दिवसांनी झाले, तेही घरी. सुनेला मात्र ४१ आठवडे भरताच ॲडमिट करून कळा आणणार म्हणतात. हा पैशांचा खेळ तर नाही ना? (एक सासूबाई, वाई)

काकू, शंका रास्त आहे. विनाकारण सिझेरियन होतात, हे मी नाकारणार नाही. पण हा सल्ला त्यातला नाही.

तारखेनंतर बाळाला पोसणारी वार हळूहळू थकत जाते. पाणी कमी होऊ लागतं, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते, आणि थोड्या बाळांचे ठोके काहीही चाहूल न देता थांबतात. स्वीडनमध्ये २०१६ ते २०१८ या काळात एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या बायकांना ४१ आठवड्यांना कळा सुरू करून दिल्या, उरलेल्यांनी ४२ पर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात ६ बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

हा धोका मोठा नाही, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये असे ३४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हिशोब असा निघाला की साधारण ५४४ बायकांना वेळेत कळा सुरू करून दिल्या तर एक बाळ वाचतं. तुमचे मुलगे उरलेल्या ५४३ मधले. कोणतं बाळ यात सापडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करा असंच सांगते. बीपी किंवा साखर वाढलेली असेल, तर इतकंही थांबत नाहीत.

पहिलंच बाळंतपण आहे. जेल, गोळी, फुगा, ड्रिप असं बरंच कानावर आलंय. नक्की काय करतात? आणि शेवटी सिझरच होतं ना? (एक वाचक, नाशिक)

आधी आतून तपासून गर्भपिशवीचं तोंड किती मऊ झालंय, किती उघडलंय ते पाहतात. कच्चं असेल तर ते पिकवायचं. जेल म्हणजे फ्रिजमधून काढलेली छोटी सिरिंज. लावल्यावर अर्धा तास आडवं पडायचं, मग खुशाल फिरायचं. गोळी अगदी थोड्या मात्रेची, २५ मायक्रोग्रॅम, ठरावीक तासांनी. फुगा म्हणजे लघवीला लावतात तीच रबरी नळी. ती तोंडातून आत सरकवून टोकाचा फुगा सलाइनने फुगवतात. तोंड तीनेक सेंटिमीटर उघडलं की फुगा आपला आपण निसटतो. बायका घाबरून बेल दाबतात, पण ती चांगली बातमी असते!

गोळी बरी की फुगा, यावरचा एक नावाजलेला अभ्यास आपल्या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतला आहे. बीपी वाढलेल्या ६०२ बायका त्यात होत्या. २४ तासांत नॉर्मल बाळंतपण गोळीच्या गटात ५७ टक्के, फुग्याच्या गटात ४७ टक्के.

तोंड पिकलं की पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडतात, कळा वाढवायची ड्रिप लावतात. ड्रिपच्या कळा जास्त तीव्र वाटतात, हे खरं. पण थेंब कमी केले की काही मिनिटांत जोर ओसरतो. वेदना कमी करायची सोय काय आहे, हे आधीच विचारून ठेवा.

कळा आणल्या की सिझर ठरलेलंच, हे मात्र खरं नाही. त्या ३४ अभ्यासांत कळा सुरू करून दिलेल्या गटात सिझरचं प्रमाण किंचित कमीच निघालं. अट एकच, धीर हवा. आई-बाळ व्यवस्थित असतील, तर पाणमोट फोडून ड्रिप लावल्यावर किमान १२ ते १८ तास द्यायला हवेत. दुपारी सुरू केलं आणि संध्याकाळी ‘तोंड उघडत नाही’ म्हणाले, तर ‘अजून थांबता येईल का?’ असं जरूर विचारा. नातेवाइकांनाही सांगून ठेवा, कारण चौथ्या तासाला ‘डॉक्टर, करून टाका सिझर’ म्हणणारे बहुधा तेच असतात.

मी इंग्लंडमध्ये असते. ४० आठवडे झालेत. मिडवाइफ ‘स्वीप’ करू का विचारतेय. आई सांगलीहून एरंडेल घेऊन आलीय. काय करू? (एक वाचक, लीड्स)

स्वीप जरूर करून घ्या. हातमोजा घातलेलं बोट पिशवीच्या तोंडाशी गोल फिरवून पाणमोट थोडी सुटी करतात. दुखतं, थोडं रक्त लागतं, पण पुढे औषधांची गरज पडण्याची शक्यता कमी होते.

एरंडेल बाटलीतच राहू द्या. त्याने जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि कळांच्या वेळी लागणारी ताकद संडासातच संपते. आईला खजूर आणि मेतकूट-भात करू द्या.

पहिलं बाळंतपण सिझरचं आहे. तारीख उलटली तर कळा आणता येतात? (एक वाचक, चिपळूण)

काही जणींना येतात, पण वर सांगितलेली गोळी तुमच्यासाठी नाही. गर्भपिशवीवरचा जुना टाका उसवण्याचा धोका असतो. जिथे रात्रीसुद्धा लगेच ऑपरेशन होऊ शकतं, रक्त मिळू शकतं, अशाच ठिकाणी हा विचार करा. आणि तारीख उलटेपर्यंत न थांबता ३८व्या आठवड्यातच बोलून ठेवा.

डॉक्टरांनी ॲडमिट व्हायला सांगितलंय त्या दिवशी नेमकी अमावस्या आहे. घरचे ऐकत नाहीत. एक दिवस पुढे ढकलू का? (एक वाचक, अहिल्यानगर)

कारण काय, यावर आहे. बीपी, कमी पाणी, कमी हालचाल यांपैकी काही असेल, तर पंचांग मिटून ठेवा. फक्त ४१ आठवडे भरले म्हणून बोलावलं असेल आणि आलेख, पाणी सगळं छान असेल, तर डॉक्टरांना फोन करून विचारा, कधी कधी एक दिवस मिळतो. नाहीच मिळाला, तर घरच्यांना एवढंच सांगा: पहिलटकरणीला जेल लावल्यापासून बाळ हातात यायला दीड दिवससुद्धा लागतो. अमावस्येला सकाळी ॲडमिट झालात, तर बाळ बहुधा प्रतिपदेलाच येईल.