ओआरएसमध्ये साखर कशाला?

तुम्ही विचारलंय की जुलाबात शरीरातून पाणी आणि मीठ जातं, मग ओआरएसमध्ये साखर का घालतात? अंगात ताकद यावी म्हणून?

नाही हो, तेवढ्याशा साखरेने कसली ताकद येणार! ती असते मिठाला आत न्यायला.

मी परळला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पावसाळ्यात दोन-तीन मुलं तरी पोट बिघडून घरी बसलेली असतात, म्हणून पेशीपटलाचा धडा मी मुद्दाम जुलैत घेतो, तोही ओआरएसची पुडी टेबलावर ठेवून.

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचा मेदाचा दुहेरी थर, जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. ऑक्सिजन त्यातून आरामात जातो. मिठातल्या सोडियमच्या आयनावर मात्र विद्युतभार असतो. मीठ जसं तेलात विरघळत नाही, तसा तो या थरात शिरत नाही. त्याला प्रथिनाचं दार लागतं. (इथे लोकलच्या दाराची उपमा मी टाळतो. तिथे रेटा असला की कोणीही आत जातं.)

लहान आतड्याच्या पेशींना असं एक दार आहे, एसजीएलटी-1. सोडियमचे 2 आयन आणि ग्लुकोजचा 1 रेणू, अशी जोडी जमली की ते दोघांना आत घेतं. पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून 3 सोडियम बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमीच, आणि बाहेरचा सोडियम आत यायला टपलेला. क्षार आणि साखर आत गेली की परासरणाने, म्हणजे पाणी जास्त क्षार-साखरेच्या बाजूला ओढलं जातं म्हणून, पाणीही त्यांच्या मागे जातं.

कॉलऱ्यात आतडं धो धो पाणी सोडत असतं, तरी हे दार बंद पडत नाही! 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशी निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि असंख्य जीव वाचवले.

एक मात्र सांभाळा. 1 लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवू नका. फार गोड झालं तर पाणी उलट आतड्यातच ओढलं जातं. कोल्ड्रिंक पाजा म्हणणारे शेजारी प्रत्येक चाळीत असतात, त्यांचं ऐकू नका. पुडी नसेलच तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.