आधी सिरिलिकमधलं नाव पक्कं करा, मग अपॉस्टिलच्या मागे लागा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलाला रशियात मास्टर्ससाठी तिथल्या सरकारी शिष्यवृत्तीवर जागा मिळालीय, विद्यापीठाने व्हिसासाठी लागणाऱ्या इन्व्हिटेशनचा फॉर्म पाठवलाय, डिग्रीवर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा प्रमाणीकरणाचा स्टिकर) मागितलंय आणि एजंट म्हणतोय की फॉर्म, भाषांतर सगळं मीच इथून करून देतो. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, डिग्रीवर शेवटी आईचंही नाव, पासपोर्टवर तिसराच क्रम. "यातलं कुठलं नाव लिहायचं?" हा तुमचा प्रश्न मात्र कुणी हातातच घेतला नाही, सगळे थर्मल आणि बुटांवर बोलताहेत. याच प्रश्नाने आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा खाल्ला, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, एजंट तर नाहीच. नियम बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द विद्यापीठाच्या इंटरनॅशनल डिपार्टमेंटचा, आणि तोही ई-मेलवर लेखी घ्या.

थेट उत्तर: पासपोर्टवर जे आहे तेच, त्याच खान्यांत. आडनावाच्या खान्यातलं आडनाव, 'गिव्हन नेम'च्या खान्यातलं सगळंच्या सगळं नाव म्हणून. पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलाच्या नावापुढे 'गिव्हन नेम'मध्ये असेल, तर ते तिथेच राहू द्या. रशियन फॉर्ममध्ये 'ओत्चेस्त्वो' नावाचा तिसरा खाना असतो, म्हणजे पितृनाम. आपल्याला वाटतं, वा, वडिलांच्या नावाची सोय झाली! तिथे काही भरू नका, रेघ मारा. आपल्या पासपोर्टवर नावाचा भाग म्हणून असा खानाच नाही. एका कागदावर वडिलांचं नाव 'नाव' म्हणून आणि दुसऱ्यावर 'पितृनाम' म्हणून गेलं की कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

आता खरी मेख. तुमच्या मुलाचं नाव सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीत पहिल्यांदा कोण लिहितं, याकडे कुणाचं लक्षच नसतं. इन्व्हिटेशनचा फॉर्म भरणारा एजंटचा पोरगा किंवा विद्यापीठातली एखादी बाई, जिला जसं वाटेल तसं ते लिहिलं जातं. तेच इन्व्हिटेशनवर येतं आणि तिथून व्हिसावर, कारण रशियन व्हिसावर नाव दोन्ही लिप्यांत छापतात. पुढे मायग्रेशन कार्ड, राहत्या जागेची नोंदणी, पासपोर्टचं नोटराइज्ड भाषांतर, प्रवेशाचा आदेश, विद्यार्थी कार्ड आणि दोन वर्षांनी डिप्लोमा (तिथे पदवीच्या प्रमाणपत्राला हेच म्हणतात). या साखळीत मधेच कुणी वेगळं लिहिलं, तर कुठला तरी एक कागद दुसऱ्याशी जुळत नाही.

आपल्या नावांची अडचण अशी की रशियनमध्ये आपला 'ह' नाही. त्याच्या जागी कुणी 'ख' लिहितं, कुणी 'ग'. हिमालयाला ते गिमालाई म्हणतात आणि महाराष्ट्राला माखाराष्ट्रा, म्हणजे त्यांच्यातच एकवाक्यता नाही. हर्षदचा एका कागदावर खर्षद आणि दुसऱ्यावर गर्षद होणं अगदी सहज घडतं. 'ज' ला एक अक्षर नाही, 'द' आणि 'झ' जोडून लिहावा लागतो. आणि इंग्रजी 'जे' पाहून जर्मन वळणाने 'य' वाचणारे भाषांतरकारही भेटतात, मग जाधवांचे यादखाव होतात. देशमुखांच्या शेवटच्या 'के-एच'चं कुणी नुसतं 'क' करतो, कुणी 'क' आणि 'ख' दोन्ही लिहितो. पाटील आणि चव्हाण नशीबवान, त्यांना सहसा काही होत नाही.

हे जाताना निभावून जातं. फटका बसतो परतताना. डिप्लोमा रशियनमध्ये, त्याचं इंग्रजी भाषांतर करताना भाषांतरकार मूळ पासपोर्ट बघत नाही, रशियन अक्षरांना रोमन अक्षरं देणाऱ्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे अक्षराला अक्षर लावतो. 'दझ'चं डी-झेड-एच, 'ख'चं के-एच. जाधव हे इंग्रजीत सहा अक्षरांचं आडनाव डी-झेड-एच-ए-डी-के-एच-ए-व्ही असं नऊ अक्षरांचं होऊन परत येतं. देशमुखमध्ये एक जास्तीचा 'के' घुसतो. पासपोर्टवर एक, डिप्लोमाच्या भाषांतरावर दुसरं.

आणि मग गाठ पडते इथल्या कार्यालयांशी. एका कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे खिडकीवर सांगितलं गेलं, "नाव बदललंय, राजपत्रात द्या." अहो, राजपत्रात जाहिरात देतात ती नाव बदलल्याची. इथे नाव बदललेलंच नाही, लिपी बदललीय! उलट राजपत्र केलंत तर तुम्हीच लिहून देता की आधी माझं नाव ते नऊ अक्षरी होतं, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याचा खुलासा मागतात. तिथे प्रतिज्ञापत्र दिलं तर म्हणे मूळ संस्थेचं पत्र आणा, ते आणलं तर म्हणे रशियनमध्ये आहे, भाषांतर आणा, आणि त्या भाषांतरात नाव पुन्हा तक्त्याप्रमाणे. या चक्रात किती फेऱ्या झाल्या ते सोडा. जे चालतं ते असं: विद्यापीठाच्या लेटरहेडवर 'स्प्राव्का', म्हणजे दाखला. त्यात रशियन नाव, पासपोर्टप्रमाणे इंग्रजी नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि 'ही एकच व्यक्ती' हे वाक्य. सही, गोल शिक्का, तारीख. शक्य असेल तर एकाच पानावर दोन्ही भाषांत. हा दाखला तिथे असताना मागितला तर देकानातमध्ये, म्हणजे डीनच्या कार्यालयात, सहज मिळतो. भारतात आल्यावर ई-मेलने मागितला तर महिनोन्महिने उत्तर येत नाही, कारण तोवर तुमचा मुलगा त्यांच्या यादीत नसतो.

आणि याच्याही आधीचा, फुकटचा उपाय म्हणजे जाण्यापूर्वी एका कागदावर सिरिलिकमधलं नाव ठरवून घ्या. रशियन येणाऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या, आडनाव आणि नाव वेगवेगळ्या ओळीत. विद्यापीठाला लिहा की इन्व्हिटेशन काढण्याआधी त्याचा मसुदा दाखवा. बहुतेक जण दाखवतात. व्हिसा हातात आला की त्यावरचं सिरिलिक नाव त्या कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. तिथे फरक निघाला आणि निघण्याआधी दुरुस्ती होणार नसेल, तर व्हिसावरचं तेच आता खरं धरा आणि पुढचं सगळं त्याप्रमाणे करून घ्या. शुद्धलेखनाचा हट्ट धरू नका. चुकीचं पण सगळीकडे एकच, हे बरोबर पण दोन प्रकारांपेक्षा कितीतरी बरं.

तिथे पोचल्यावर पासपोर्टचं भाषांतर करायला जाताना व्हिसाची प्रत सोबत न्यायची आणि भाषांतरकाराला सांगायचं, "नाव असंच." रशियात नोटरी भाषांतरकाराची सही प्रमाणित करतो, मजकूर नाही, त्यामुळे स्पेलिंग तपासायला तिथे कुणी बसलेलं नसतं. हे भाषांतर मूळ कागदाच्या प्रतीला दोऱ्याने शिवून देतात, मागे दोऱ्याच्या गाठीवर कागदाचा तुकडा चिकटवतात, त्यावर पानांची संख्या आणि शिक्का. स्कॅन करायला सोपं जावं म्हणून मुलं तो दोरा सोडतात. दोरा सुटला की भाषांतर बाद, पुन्हा पैसे. दोन-तीन प्रती एकदमच करून घ्या. बँक खातं, स्निल्स नावाचा विमा क्रमांक, सिम कार्ड, सगळीकडे हेच नाव लागतं. 2025 पासून परदेशी माणसाला सिम घ्यायला सरकारी पोर्टलवरचं खातं आणि बायोमेट्रिक नोंद लागते, आणि तिथे नाव जुळलं नाही तर गाडी अडते.

म्हणून एजंटला भाषांतर करू देऊ नका. आणखी एक कारण आहे. भाषांतर अपॉस्टिलच्या नंतर करायचं असतं, कारण स्टिकर आणि मागचे शिक्केसुद्धा भाषांतरात यावे लागतात. आधी भाषांतर करून नंतर स्टिकर लावला की ते काम वाया.

अपॉस्टिलबद्दल इतरांनी लिहिलंय, मी दोनच गोष्टी सांगतो. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, रशिया 1992 पासून, तेव्हा दूतावासाचा वेगळा शिक्का कुणी गळ्यात मारत असेल तर कशासाठी ते विचारा. आधी राज्याचं प्रमाणीकरण मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे 50 रुपये, बाकी सगळा एजन्सीचा आकार. काही एजंट मूळ डिग्रीऐवजी नोटरी केलेल्या झेरॉक्सवर अपॉस्टिल घेतात, कारण ते लवकर होतं. अपॉस्टिलवर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची ओळ वाचा: सही कुणाची, कुठल्या अधिकारात. तिथे नोटरीचं नाव असेल, तर प्रमाणित झाली ती नोटरीची सही, तुमची डिग्री नव्हे. विद्यापीठ चालवून घेईलही, पण भारतीय पदवीला तिथे मान्यता घेण्याच्या टप्प्यावर काम अडू शकतं. रशियाच्या 2012 च्या शिक्षण कायद्यात 107 वं कलम या मान्यतेचं आहे. काही मोठ्या विद्यापीठांना ही मान्यता स्वतःच देता येते, बाकीच्यांना केंद्रीय यंत्रणेकडे जावं लागतं. तुमचं कुठल्या प्रकारात बसतं ते विचारा. मुलाची बी.एस्सी. तीन वर्षांची असेल तर तेही आत्ताच विचारा, कारण तिथली बॅचलर्स चार वर्षांची आहे.

आणि डिग्री लॅमिनेट केलेली असेल (आपल्याकडे घरोघरी हा उद्योग असतो) तर स्टिकर लागत नाही. इस्त्रीने प्लॅस्टिक सोडवायच्या भानगडीत पडू नका, शाई प्लॅस्टिकबरोबर निघते. दुसरी प्रत काढा, त्याला लागणारा वेळ आत्ता धरा.

डिप्लोमा छापण्यापूर्वी देकानात नावाचा मसुदा सही करायला देतं. तिथे घाई करू नका. त्या नावाची नोंद शैक्षणिक कागदांच्या केंद्रीय नोंदवहीत जाते, नंतर बदलायचं म्हणजे नवा आदेश, नवा कोरा फॉर्म, सगळंच आलं. विद्यापीठ इंग्रजी पुरवणी देत असेल तर पैसे भरून घ्या, त्यात पासपोर्टप्रमाणे नाव लिहून मागता येतं. आणि डिप्लोमावरचं रशियन अपॉस्टिल भारतात परतण्याआधीच तिथे करून घ्या. ते त्या प्रदेशाच्या शिक्षण खात्याकडून मिळतं, चार दिवसांत होईल असं धरू नका. परतल्यावर पदवीच्या समकक्षतेचं काम 2025 च्या नियमांनंतर यूजीसीकडे आहे. मेडिकलवाल्यांचं सगळं वेगळं, त्यांनी हे उत्तर त्या बाबतीत प्रमाण मानू नये.

जाता जाता: कुणी कझाकस्तान किंवा किर्गिझस्तानला जात असेल तर सिरिलिकची हीच कथा. जॉर्जियाच्या लिपीत 'ह' आणि 'ज' दोन्ही आहेत, उझबेकिस्तानची सरकारी लिपी रोमन, तिथे हा त्रास बराच कमी.

तुमचा दुसरा प्रश्न पैशांचा. शिष्यवृत्तीत फी माफ असते आणि थोडा भत्ता मिळतो, पण वसतिगृह, विमा, विमानभाडं आपलंच. त्या भत्त्यावर महिना निघत नाही. 2022 च्या मार्चपासून इथली व्हिसा-मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डं तिथे चालत नाहीत, हे सांगूनही लोक फॉरेक्स कार्ड भरून नेतात. तिथे खातं उघडून मीर कार्ड (रशियाचं स्वतःचं बँक कार्ड) मिळेपर्यंत रोख लागते. बँकेत गेलात की सांगतील, तीन हजार डॉलरच्या वर नोटा देता येत नाहीत. हा नियम इतर देशांचा आहे. रिझर्व्ह बँकेने इराण, रशिया आणि स्वतंत्र राष्ट्रकुलातल्या (सोव्हिएत संघातून फुटलेल्या देशांच्या गटातल्या) इतर देशांसाठी अपवाद ठेवलाय, परकीय चलनाच्या वार्षिक मर्यादेतली पूर्ण रक्कम नोटांमध्ये घेता येते. काउंटरवरच्या माणसाला हे बहुधा माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांतलं ते पान छापून सोबत न्या, शिक्षणाचा उद्देश म्हणून एस0305 हा कोड टाकायला सांगा. याचा अर्थ पोत्याने डॉलर न्या असा नाही, पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरते पुरे. दहा हजार डॉलरच्या वर असतील तर तिथल्या कस्टम्सला जाहीर करावे लागतात. नोटा नव्या डिझाइनच्या, कोऱ्या घ्या. शिक्का उमटलेली किंवा कोपरा फाटलेली नोट तिथली बँक परत देते, नाहीतर कमी भावाने घेते.